अध्यक्षपदाची पारख : ग्वाल्हेरचा एक नकार

राजकीय पक्षाने आपला अध्यक्ष कोणत्या निकषांवर निवडावा, हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका सोपा नाही. लोकप्रियता, संघटनकौशल्य आणि पक्षनिष्ठा हे तिन्ही गुण एकाच व्यक्तीच्या ठायी क्वचितच आढळतात. मग कोणत्या गुणाला झुकते माप द्यावयाचे? १९७२ च्या अखेरीस भारतीय जनसंघापुढे हा पेच उभा राहिला, आणि त्याच्या उकलीचा एक अंक ग्वाल्हेरात घडला.

दीनदयाळ उपाध्याय यांच्या निधनानंतर १९६८ पासून अध्यक्षपद अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे होते. १९६७ साली लोकसभेत पस्तीस जागा मिळविणारा हा पक्ष १९७१ साली बावीस जागांवर आला. पदभार दुसऱ्या कोणी स्वीकारावा, असे वाजपेयींना वाटू लागले होते.

अनुभवाच्या दृष्टीने बलराज मधोक यांचे नाव डोळ्यांपुढे येणे स्वाभाविक होते. १९६७ च्या यशाच्या वेळी तेच अध्यक्ष होते. परंतु पक्षाला डावे वळण लागत असल्याचा त्यांचा आक्षेप होता व सहकाऱ्यांशी त्यांचे मतभेद विकोपाला गेले होते. ज्याच्या नावानेच घरात दुफळी माजेल, त्याच्या हाती घराच्या किल्ल्या कशा द्याव्यात?

दुसरे नाव राजमाता विजयाराजे शिंदे यांचे. १९६७ साली काँग्रेसचा त्याग करून त्यांनी मध्यप्रदेशातील द्वारकाप्रसाद मिश्र यांचे मंत्रिमंडळ खाली खेचले. मात्र मुख्यमंत्रिपद गोविंदनारायण सिंह यांच्याकडे गेले. १९७१ च्या प्रतिकूल वाऱ्यातही भिंड येथून त्या स्वतः आणि ग्वाल्हेरमधून वाजपेयी विजयी झाले. लोकमानसातील त्यांचे स्थान निर्विवाद होते. तथापि दुसरी बाजूही विचारात घेणे प्राप्त आहे. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली नुकतेच रद्द झाले होते. अशा वेळी राजघराण्यातील व्यक्ती अध्यक्षस्थानी बसल्यास, हा पक्ष सरंजामदारांचा, असे म्हणावयास विरोधकांना आयतेच निमित्त मिळाले असते.

तिसरे लालकृष्ण अडवाणी. १९७० पासून ते राज्यसभेचे सभासद होते. तत्पूर्वी दिल्लीच्या महानगर परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. लोकसभेची निवडणूक मात्र त्यांनी तोवर एकदाही लढविलेली नव्हती. जाहीर सभा गाजविणे हा आपला पिंड नव्हे, अशी त्यांची स्वतःचीच हरकत होती.

अडवाणींनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात पुढील हकीकत आली आहे. राजमातांचे मन वळविण्यासाठी वाजपेयी व अडवाणी ग्वाल्हेरला गेले. पुष्कळ आग्रहानंतर त्यांनी होकार दिला; परंतु दतिया येथील आपल्या गुरूंचा कौल घेतल्यावाचून निर्णय अंतिम मानावयाचा नाही, असेही सांगितले. गुरूंचा कौल प्रतिकूल पडला आणि होकाराचा नकार झाला. १९७३ च्या फेब्रुवारीत कानपूरच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून उभे राहिले ते अडवाणी.

एका राष्ट्रीय पक्षाचे नेतृत्व गुरूच्या शब्दावर ठरावे, हे आधुनिक मनाला खटकेल. परंतु तो नकार राजमातांचा होता, पक्षाचा नव्हे. इतरांनी गळ घातली असतानाही पद नाकारण्याचा अधिकार त्यांनी आपल्या श्रद्धेनुसार बजावला. पद नाकारले म्हणून त्यांनी कार्य मात्र सोडले नाही. १९७५ च्या आणीबाणीत अडवाणींप्रमाणे त्यांनीही कारावास भोगला आणि १९८० साली स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाच्या उपाध्यक्षपदाची जबाबदारी उचलली.

मधोकांना मात्र १९७३ मध्येच पक्षाबाहेर जावे लागले. ज्यांनी पक्षाला यशाचे शिखर दाखविले, त्यांनाच दूर करण्याचे काम नव्या अध्यक्षाच्या वाट्याला आले. अध्यक्षपदाची पारख करताना उमेदवाराची भाषणे आणि त्याचा लौकिक सर्वांनाच दिसतो. जवळच्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याचा प्रसंग त्याला पेलेल काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः पहिला प्रश्न तोच असावयास हवा.