माईक लांब न्या

लेड झेपलिन कोण, हे इथे सांगायची गरज नाही. (मागून : ‘आहे, आहे!’ हशा.) मग शेजारच्या काळ्या टी-शर्टवाल्या मुलाला विचारा.

या रॉक बँडचं गाणं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, १९७१. त्यातल्या जॉन बॉनमच्या ड्रमसारखा आवाज हवा म्हणून तरुण मंडळी स्टुडिओत येतात आणि आधी विचारतात, माईक कुठला लावायचा? मी विचारतो, वाजवणार कुठे?

ते गाणं रेकॉर्ड झालं ती इंग्लंडात हॅम्पशायरमधली हेडली ग्रेंज ही १७९५ची इमारत. मुळात गोरगरिबांना ठेवायला बांधलेली. बाहेर रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंग गाडी, आत उंच जिन्याच्या तळाशी ड्रमसेट. रेकॉर्डिस्ट अँडी जॉन्सनं बायरडायनॅमिक एम १६० हे दोन रिबन माईक वर जिन्यात टांगले. ड्रमच्या तोंडाशी एकही नाही! बाकी ठिकाणी ड्रमवर गोधड्या टाकून आवाज मारत असत. बॉनमचा २६ इंची बास ड्रम मात्र मोकळा गुंजायचा. थेट ठोका आधी पोचतो, भिंतींवर आपटून आलेला मागून. कॉम्प्रेसर करकचून लावला की ठोक्याचं टोक दबतं, मागची गुंज वर येते. त्यात गिटारवादक जिमी पेजच्या बिन्सन एकोरेक या इको यंत्राचा प्रतिध्वनी. झाला आवाज तयार.

आता कॉम्प्रेसरचं निघालंच आहे म्हणून सांगतो. आम्ही एका सोसायटीच्या जिन्यात हा प्रयोग केला. सेक्रेटरींची परवानगी होती. म्हणजे ते गावाला गेले होते. (हशा.) ड्रम तळमजल्यावर, माईक दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला. टेक झकास चाललेला. एवढ्यात वरच्या आजींचा कुकर. तीन शिट्ट्या! जिन्यात त्या दबक्याच ऐकू आल्या होत्या. पण कॉम्प्रेसर शांत जागा उचलून धरतो ना; स्पीकरवर शिट्टी स्नेअरच्या बरोबरीनं! आमचा ड्रमर म्हणाला, ‘राहू दे, तालात आहे.’ मग आजी खाली आल्या. त्यांचं म्हणणं, एवढं बडवताय तर गणपतीत का नाही येत? वर्गणीही मागितली. द्यावी लागली...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, कुकरच्या आधी द्यायची!

मागे कुणी मान हलवतंय. कबूल, आज तयार सॅम्पल मिळतात. बीस्टी बॉइज या रॅप गटानं १९८६ साली बॉनमचा हाच ठोका उचलला आणि छान वापरला. मी सॅम्पलच्या विरोधात नाही, बरं का. पण त्यात जिना दुसऱ्याचा असतो. ज्याला स्वतःचा आवाज हवा, त्यानं खोली ऐकावी, वाजवणाऱ्याला मोकळं सोडावं आणि माईक लांब न्यावा. बॉनमचा हात कुठून आणायचा, ते विचारू नका.

माईकच्या कोनांचं राहिलंच. गाणं सात मिनिटांचं, हातात तीन. सुरुवातीचे ठोके तेवढे ऐकवतो. मागच्या रांगेतल्यांनी पुढे सरकू नका. आज तुमच्याच खुर्च्या चांगल्या आहेत. (टाळ्या.)