लिलावातले अवघड गिऱ्हाईक

माझ्या आजोबांना पोस्टाची तिकिटे जमविण्याचा नाद होता. गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल असताना ते म्हापशास औषधांच्या एका दुकानात कारकून होते. १९६१ नंतर बिऱ्हाड हलवून ते बेळगावास आले तेव्हा सामानात एक ट्रंक, एक व्हायोलिन आणि तिकिटांच्या तीन वह्या होत्या, असे आई सांगते. व्हायोलिन केव्हाच गेले, ट्रंकेला गंज चढला. वह्या तेवढ्या राहिल्या. मुलीच्या उच्च शिक्षणाचा खर्च समोर दिसू लागला तेव्हा त्या वह्यांतील दुबार तिकिटे आधी विकून पाहावीत, आणि जम बसला तर बाकीच्यांचा विचार करावा, असे घरात ठरले. आता पोर्तुगीज गोव्याची तिकिटे बेळगावात घेणार कोण? म्हणून मी ऑनलाइन लिलावाच्या वाटेला गेलो. त्या वाटेवर भेटलेल्या एका गिऱ्हाइकाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने दुसऱ्या एकदोघांविषयी, आज बोलणार आहे.

मामलेदार कचेरीतला जप्तीच्या मालाचा लिलाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल. तेथे माल समोर पडलेला असतो. घेणारा हंडा वाजवून पाहतो, कपाटाचे दार उघडमीट करतो आणि मगच बोली बोलतो. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झाले की व्यवहार संपला. आपल्या १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्याचे ६४ वे कलम हेच सांगते : हातोडा पडला की विक्री पुरी, तो पडेपर्यंत बोली मागे घेण्याची मुभा. ऑनलाइन लिलावाला हातोडा नाही, घड्याळ आहे. ठरलेल्या मुदतीचा शेवटचा सेकंद सरला की माल सर्वांत मोठी बोली बोलणाऱ्याचा. गंमत अशी की, पाच-सात दिवस हा लिलाव निपचित पडलेला असतो आणि अखेरच्या मिनिटाला बोलींची झुंबड उडते. त्या भरात माणूस मनाशी धरलेल्या आकड्याच्या पुढे निघून जातो आणि सकाळी उठून हळहळतो. कुरकुरणारी कित्येक गिऱ्हाइके ह्या हळहळीतून निपजतात. जाहीर लिलावात शेजारी उभा असलेला मेहुणा दंडाला धरून मागे ओढतो. येथे रात्री दोन वाजता एकट्याने फोनवर बोट टेकविणाऱ्याला ओढणारा कोणी नसतो.

दुसरा फरक याहून मोठा. येथे हंडा वाजवून पाहता येत नाही. विकणाऱ्याने लिहिलेले चार ओळींचे वर्णन आणि दोन-चार छायाचित्रे, एवढ्यावरच परमुलखातला माणूस पैसे मोजतो. त्याच कायद्याच्या १५ व्या कलमात म्हटले आहे की, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. हे कलम मी कितीदा तरी वाचले होते. ते समजले मात्र फार उशिरा.

ह्या बाजारांतला सर्वांत प्रसिद्ध बाजार म्हणजे ईबे. पिएर ओमिद्यार नावाच्या संगणकतज्ज्ञाने तो १९९५ साली अमेरिकेत काढला. तेथे प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणून जिचा उल्लेख होतो ती होती लेझर पॉइंटर, म्हणजे भिंतीवर लाल ठिपका पाडणारी कांडी, आणि तीही मोडकी. किंमत आली चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंट. कांडी मोडकी आहे हे ओमिद्यारने वर्णनातच लिहिले होते. तरी त्याने घेणाऱ्याला पुन्हा विचारले, ‘मोडकी आहे, हे तुमच्या ध्यानात आले ना?’ उत्तर आले, ‘मी मोडक्याच गोळा करतो.’ ही कथा मी वर्गात मुलांना मोठ्या चवीने सांगत आलो आहे. ती सांगणाऱ्याने पुढे काय केले, ते आता ऐका.

त्याआधी ह्या बाजाराची रीत थोडी सांगितली पाहिजे. १९९६ पासून ईबेवर घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने एकमेकांविषयी शेरे लिहिण्याची पद्धत पडली. अनोळखी माणसांच्या बाजारात पत कशी ओळखावी, याला काढलेला हा तोडगा. पूर्वी वाईट शेरा दोघांनाही देता येई. पण कोणी तक्रार केली की विक्रेते सूड म्हणून उलट शेरा मारू लागले आणि गिऱ्हाइके खरे लिहिण्यास भिऊ लागली. तेव्हा २००८ साली विक्रेत्याच्या हातची ती छडी काढून घेण्यात आली. शिवाय माल वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार गिऱ्हाइकाला तीस दिवसांपर्यंत करता येते, आणि ती खरी ठरली तर माल परत आणण्याचे टपालही विक्रेत्यावरच पडते. अशा इतर बाजारांचे नियमही थोड्याफार फरकाने याच वळणाचे आहेत. विक्रेत्यांना हा अन्याय वाटतो. मलाही वाटत असे.

आता माझी हकीकत. हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज वसाहतीला साडेचारशे वर्षे झाली म्हणून १९५६ साली तेथील टपाल खात्याने व्हाइसरॉयांच्या तसबिरी आणि किल्ल्यांचे नकाशे असलेली तिकिटे काढली होती. आजोबांच्या वहीत त्या मालिकेच्या दोन प्रती निघाल्या. त्यांतली एक मी लिलावात ठेवली आणि ती पोर्तुगालमधल्या एका गृहस्थांनी बावीस डॉलरांना घेतली. वीस दिवसांनी त्यांचे पत्र आले. इंग्रजीत, आणि सगळी अक्षरे मोठी. म्हणजे कागदातून कोणी ओरडत असल्यासारखे. ‘तुम्ही लबाड आहात. सगळे पैसे परत करा. तिकिटे मी परत पाठविणार नाही; ती पाठविण्याच्याही लायकीची नाहीत.’

माझ्या खात्यावर तोवर अवघे चौदा शेरे होते, चौदाही चांगले. चौदांत एक काळा म्हणजे किती काळा दिसतो, हे ज्यांनी नवे दुकान मांडले आहे त्यांना सांगावयास नको. मोलाची तिकिटे तर अजून वहीतच होती. ती विकावयाची तर याच पतीवर. पण खरे सांगतो, पैशांपेक्षा ‘लबाड’ हा शब्द अधिक झोंबला. वही आजोबांची. दुकानात औषधाची एक पुडी जास्त गेली तरी रात्री दार ठोठावून सांगणारा माणूस, असे त्यांच्याविषयी मी लहानपणापासून ऐकलेले. त्या रात्री मी दोन पाने उत्तर लिहिले. त्यात आजोबा होते, माझी वीस वर्षांची नोकरी होती, आणि पोर्तुगिजांच्या साडेचारशे वर्षांचाही थोडा समाचार घेतलेला होता. आई शेजारी जपमाळ घेऊन बसली होती. तिने मजकूर विचारला नाही. ‘सकाळी पाठव,’ एवढेच म्हणाली.

सकाळी पुन्हा बसलो, आणि त्या गृहस्थांनी पत्रासोबत पाठविलेली छायाचित्रे प्रथमच नीट पाहिली. ती तिकिटांच्या पाठीमागची होती. प्रत्येकाच्या पाठीवर, मध्याच्या थोडे वर, नखाएवढा फिकट चौकोन. तो पाहताच ओळखीचा वाटला. पूर्वीचे संग्राहक तिकीट वहीत थेट चिकटवीत नसत; पातळ कागदाची एक इवलीशी दुमडलेली पट्टी असे, तिला हिंज म्हणतात. तिचे एक टोक ओले करून तिकिटाला आणि दुसरे वहीला लावीत. आजोबाही तेच करीत. त्या काळी ती चांगली रीतच होती. पण पट्टी काढली की मूळ डिंकावर डाग राहतो. हल्लीचे संग्राहक त्या डिंकालाच फार जपतात. न वापरलेले पण हिंज लावलेले तिकीट ही एक जात, आणि ज्याच्या डिंकाला कशाचाही स्पर्श झालेला नाही ते तिकीट ही दुसरी; दोहोंच्या किमतीत पुष्कळ अंतर. वर्णनात मी काय लिहिले होते? ‘मिंट, नेव्हर हिंज्ड.’ म्हणजे डिंक अस्पर्श. हे शब्द मला कोठून सुचले? दुसऱ्या एका विक्रेत्याच्या जाहिरातीतून मी ते जसेच्या तसे उचलले होते, भारदस्त दिसतात म्हणून. छायाचित्रे काढली ती फक्त पुढल्या बाजूची. विद्यार्थ्याने शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरविले तर मी त्याला उभा करतो.

तेव्हा श्रोतेहो, गृहस्थ तिरसट होते, पण त्यांचे म्हणणे खरे होते. ह्या दोन गोष्टी वेगळ्या करणे हेच त्या सकाळचे सारे काम होते. मी रात्रीचे पान पुसून टाकले आणि लिहिले : ‘आपण दाखविलेला डाग खरा आहे. वर्णन चुकीचे होते आणि ती चूक माझी. तिकिटे परत पाठवावीत; टपाल मी देईन आणि ती पोहोचताच पूर्ण रक्कम परत मिळेल. ठेवून घ्यावयाची असल्यास, हिंज लावलेल्या मालिकेचा भाव धरून आठ डॉलर परत करतो. यांपैकी कोणता मार्ग हवा ते कळवावे.’ ‘लबाड’ ह्या शब्दाला उत्तर दिले नाही. आजोबांचा उल्लेख केला नाही. उत्तरपत्रिका तपासताना फुली चुकलेल्या ओळीवर मारावयाची असते. येथे ओळ माझी होती, तेव्हा फुली मीच मारून दिली.

त्यांचे दुसरे पत्र आले : तिकिटेही हवीत आणि सगळे पैसेही. हे मात्र न्यायाचे नव्हते. मी तेच दोन मार्ग, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा लिहून पाठविले. चढ्या आवाजापुढे काही जण ताबडतोब सगळे देऊन मोकळे होतात, काही जण चिडून काहीच देत नाहीत. मला वाटते, योग्य ते एकदा ठरवावे आणि समोरच्याचा आवाज कितीही चढला तरी त्यात वाढ करू नये, घटही करू नये. गृहस्थांनी रीतसर तक्रार नोंदविली. पण ही सारी पत्रे मी लिलावाच्या संस्थेच्याच टपालातून पाठविली होती, खाजगी फोनवरून नव्हे. त्यामुळे निवाडा करणाऱ्यासमोर माझी कबुली आणि माझे दोन मार्ग आधीच होते. चार दिवसांनी गृहस्थांनी आठ डॉलर घेतले आणि शेरा लिहिला : ‘विक्रेत्याला तिकिटांतले काही कळत नाही. पैसे मात्र परत करतो.’ तो शेरा अजून तेथे आहे.

सगळीच अवघड गिऱ्हाइके अशी खरी नसतात. बोली जिंकून पैसेच न पाठविणारे भेटतात. त्यांच्यावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. ईबेवर चार दिवस वाट पाहिली की सौदा रद्द करता येतो आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला विचारता येते. पाकिटावर ‘भेटवस्तू’ असे लिहा म्हणजे जकात चुकेल, असे सुचविणारेही भेटतात. त्यांना एका ओळीचा नकार पुरतो. आपला चांगला माल ठेवून घेऊन स्वतःजवळचा फाटका परत पाठवणारा मला अजून भेटलेला नाही, पण भेटेल म्हणून मी तयारी ठेवतो. तिकिटाच्या दातेरी कडा नीट पाहिल्या तर प्रत्येकाची निराळी असते, एखादा दात आखूड, एखादा वाकडा. पाठविण्यापूर्वी चारही कडांची जवळून छायाचित्रे काढून ठेवली की ती बोटांच्या ठशासारखी उपयोगी पडतात.

एक प्रसंग मात्र थोडा विस्ताराने सांगतो. तिकिटांच्या वहीत आजोबांनी १८८१ सालचा एक चांदीचा रुपया जपून ठेवला होता, त्यावर पोर्तुगालचा राजा दों लुईश याचा मुखवटा. माझ्याकडून दोन तिकिटे घेतलेल्या एका परदेशी संग्राहकाला बोलता बोलता मी त्याविषयी लिहून बसलो. हा माझा मूर्खपणा. त्याने तो मागितला. मी कळविले की, आमच्याकडे १९७२ सालचा पुरावस्तूंचा कायदा आहे, शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. यावर त्याने उपाय सुचविला : खेळण्याच्या डब्यात घालून पाठवा. मी नाही म्हटले. मग धमकी आली : नाणे पाठवा, नाहीतर घेतलेल्या तिकिटांवर वाईट शेरा लिहीन. येथे मी दोन मार्ग दिले नाहीत. पहिल्या गृहस्थांच्या बाबतीत चूक माझी होती. येथे तिकिटे वर्णनाप्रमाणे होती आणि मागणी सौद्याबाहेरची होती. त्याने शेरा लिहिलाच. शेऱ्याची भीती घालून सौद्याबाहेरचे काही उकळणे हा तेथे अपराध मानतात. त्याचे धमकीचे पत्र संस्थेच्याच टपालात असल्याने शेरा काढून टाकण्यात आला. त्याचे नाव मी माझ्या लिलावांतून कायमचे वगळले. रुपया घरीच आहे. मुलीने तो मागून घेतला आहे, आणि आता तो विकावयाचा नाही असे तिने आम्हांला बजावले आहे.

पोर्तुगालच्या गृहस्थांचे नाव मात्र मी वगळले नाही. मोह झाला होता. तीन महिन्यांनी त्यांनी पुन्हा बोली लावली, गोव्यात रुपयाच्या जागी एस्कुदो आल्यावर १९५९ साली जुन्या तिकिटांवर नवे मूल्य छापले होते, त्या तिकिटांवर. त्यानंतर आणखी चारदा. प्रत्येक वेळी काहीतरी खुसपट काढतात : छायाचित्र पिवळट आहे, पाकीट फार मोठे आहे, पुठ्ठा जाड हवा होता. अक्षरे अजून मोठीच असतात. पण हिंजचा डाग कसा ओळखावा, प्रकाश कोणत्या बाजूने घ्यावा, उजेडासमोर तिकीट धरले की कागदाचा पातळ झालेला भाग कसा दिसतो, हे सारे मी त्यांच्या तक्रारींतून शिकलो आहे. माझी वर्णने आता लांबलचक आणि रुक्ष असतात, आणि त्यांत दोष आधी येतात.

मागल्या आठवड्यात त्यांचे पत्र आले. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली म्हणून १९५२ साली निघालेली तिकिटे मी लिलावात मांडली आहेत. त्यांच्या पाठीची छायाचित्रे दिव्याच्या उजेडात काढलेली दिसतात, ती दिवसाउजेडी काढून पाठवा, असा हुकूम आहे. येत्या रविवारी मिस्साहून परतल्यावर ओट्यावर ऊन येईल तेव्हा काढून पाठवितो, असे मी त्यांना कळविले आहे. हिंजचा डाग आहे, हे वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहिलेले आहे. एका तिकिटाला तर आजोबांची पट्टी अजून तशीच आहे, आणि तिच्यावर त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारीख घातली आहे. ती काढावी की राहू द्यावी, हेही मी त्यांनाच विचारले आहे.