पित्ताशयाचा जुनाट दाह आणि आपले ताट



आपल्याकडे पोटात दुखले, मळमळले की एकच शब्द तोंडातून निघतो : "पित्त झाले." मग सोडा घ्यायचा, थंड दूध प्यायचे, नाहीतर दुकानातून गोळी आणायची. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या बाईंनी अशी तीन वर्षे काढली. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायचे, कळ पाठीत आणि उजव्या खांद्यापर्यंत जायची. अखेर सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशयात खडे आणि त्याची भिंत जाड झालेली आढळली. आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुधा जठरातील आम्ल असते. खरे पित्त यकृतात तयार होते. हा शब्दाचा घोटाळा महागात पडतो, म्हणून आम्ही आज हा विषय निवडला.

यकृत रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. यकृताखालची लहानशी पिशवी म्हणजे पित्ताशय. पित्त साठवून घट्ट करणे हे तिचे काम. तेल-तूप लहान आतड्यात उतरले की पित्ताशय आकुंचन पावते व पित्त आतड्यात सोडते. पिशवीत खडे असतील तर अशा वेळी एखादा खडा तोंडाशी अडकतो आणि कळ उठते. असे वारंवार झाले की भिंत सुजते, जाड होते. हाच जुनाट दाह. तेलकट जेवणानंतर तास-दोन तासांनी, पुष्कळदा रात्री, दुखणे उठते ते यामुळेच.

हा त्रास स्त्रियांना अधिक होतो. बाळंतपणे, वाढते वय, स्थूलपणा व मधुमेह यांनी तो वाढतो. परंतु विदर्भातील आपल्या वस्त्यांनी आणखी एक कारण लक्षात ठेवावे : सिकलसेल. या आजारात रक्तातील लाल पेशी लवकर फुटतात आणि त्यातून निघणाऱ्या रंगद्रव्याचे खडे शाळा-कॉलेजच्या वयातही होतात. हा खडा खाण्यापिण्याने झालेला नसतो. तेव्हा अशा मुलाला "बाहेरचे खातोस म्हणून झाले" असे बोलू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

आता ताटाकडे वळू. पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो : पथ्याने झालेला खडा विरघळत नाही. पथ्याने कळा कमी होतात आणि अंगातली ताकद टिकते. येथे दोन चुका होतात. काहीजण सर्व काही खात राहतात, तर काहीजण भीतीने खाणेच सोडतात. दिवसदिवस उपाशी राहिले तर पित्त पिशवीत साचून राहते. झपाट्याने वजन उतरविले तरी खडे वाढतात. तेल पूर्ण बंद केले तर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. म्हणून मार्ग मोजून खाण्याचा आहे.

१) दिवसातून चार-पाच वेळा, ठरल्या वेळी, थोडे थोडे खावे. रात्रीचे जेवण हलके व लवकर घ्यावे.

२) माणशी दिवसाला चार चहाचे चमचे तेल पुरे, त्रास असेल तर त्याहून कमी. पाच माणसांच्या घरात महिन्याला सुमारे तीन लिटरच्या वर तेल लागू नये. बाटलीतून ओतू नये, चमच्याने मोजावे.

३) ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, दुधी, दोडका, पडवळ, पालेभाज्या, पपई, साय काढलेल्या दुधाचे दही-ताक हे रोजचे अन्न असावे. मांसाहार सोडण्याची सक्ती नाही. कातडी काढलेली कोंबडी किंवा मासे कमी तेलात शिजवून खावेत.

४) भजी, वडे, फरसाण, वनस्पती तूप, बेकरीचे पदार्थ, चरबीचे मटण, कलेजी आणि तर्री टाळावी. शेंगदाणे व सुके खोबरे यांतही तेल असते, हे विसरू नये.

५) ज्या पदार्थाने आपल्याला दुखते तो वहीत लिहून ठेवावा. प्रत्येकाचे पोट वेगळे असते.

मूतखड्याची औषधे येथे चालत नाहीत. कुळथाचा काढा किंवा भरपूर पाणी यांनी पित्ताशयातील खडा वाहून जात नाही, कारण तो लघवीच्या वाटेवर नसतोच. लिंबूरस आणि ऑलिव्ह तेल पिऊन "खडे पडले" असे सांगतात, पण ते हिरवे गोळे त्या तेलाचेच साबणासारखे बनलेले असतात.

दुखणे पाच-सहा तासांत थांबले नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद किंवा शौच पांढरट झाली, तर घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दडपण, घाम व धाप असेल तर ते हृदयाचेही दुखणे असू शकते. तेव्हा तर एक क्षणही दवडू नये.

वारंवार कळा येत असतील तर शस्त्रक्रियेला घाबरू नये. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. आज ती ठिकठिकाणी होते. पित्ताशयाविना माणूस नीट जगतो, कारण पित्त यकृत तयार करते व ते थेट आतड्यात उतरते. काही आठवडे जुलाब होऊ शकतात, पण हळूहळू नेहमीचे जेवण जमू लागते.

आमच्या घरातील त्या बाई आज सर्वांबरोबर पंगतीला बसतात. पण तीन वर्षे त्या सर्वांना वाढून, उरले ते तळण खाऊन, उभ्यानेच जेवत होत्या, हे आम्हाला उशिरा कळले. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे : आज घरी गेल्यावर आईला विचारा, "तू जेवलीस का, कधी जेवलीस, आणि जेवल्यावर दुखते का?" आणि संस्थेला विनंती आहे की, पुढच्या भोजनदानात एक पातेले कमी तेलाच्या वरणाचे वेगळे ठेवावे. खर्च वाढणार नाही आणि कोणी उपाशी परतणार नाही.