फळा असलेली एक खोली



बक्षीस घेणाऱ्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. आज मला बोलायचंय ते पहिल्याच वर्षी गणितात अडखळून गुपचूप विज्ञान शाखा सोडणाऱ्या मुलांबद्दल. यातली बरीच हातावर पोट असलेल्या घरांतली असतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ची वाट घालून दिली. त्या वाटेनं पोरं कॉलेजच्या दारापर्यंत आली. फी, मेस, वसतिगृह हे लागतंच, त्यात काटकसर नको. पण गणितात तेवढ्यानं भागत नाही.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी एफवायला येते. फळ्यावर सीमेची व्याख्या येते: प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा. ती उतरवून घेते. यातलं आधी काय ठरवायचं, हे विचारायचा धीर होत नाही. तास संपताच तिला दुकानात कामाला पळायचं असतं.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणितज्ञ युरी ट्राइझमन यांनी असंच अडखळणं पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मागे पडत होती. प्राध्यापक म्हणत, घरची परिस्थिती, जिद्द कमी. ट्राइझमन मुलांमध्ये जाऊन राहिले, तर मुलं जीव तोडून अभ्यास करताना दिसली, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं मात्र स्वतः गणितं सोडवून रात्री एकत्र बसत, एकमेकांच्या वह्या तपासत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, तर ते अवघडच आहे हे त्यांना कळे. एकट्या मुलाला वाटे, आपलंच डोकं चालत नाही.

मग ट्राइझमननी गट बसवले आणि त्यांना नेहमीपेक्षा कठीण गणितं दिली. निकाल पालटले! आपण मात्र ‘कच्च्या मुलांचा जादा तास’ घेतो. त्या पाटीखाली कोण आनंदानं बसेल?

म्हणून प्राचार्य महोदय, एक मागणं आहे. फळा असलेली एक खोली संध्याकाळी सात ते नऊ उघडी ठेवा, म्हणजे कामावरून सुटलेली मुलंही येतील. एसवाय-टीवायच्या दोघांना तिथे मानधनावर नेमा. त्यांचं मानधन आणि रोजचा चहा-पोह्यांचा खर्च पुढचं वर्षभर माझ्याकडे. जूनपासून सुरू करूया.