लटपटणारे मांजर



मुक्या जनावरांची कीव करणे सुरतेस नवे नाही. ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६९० साली येथे आला, तेव्हा आजारी व लंगड्या जनावरांसाठी चालविलेले इस्पितळ पाहून त्याने ते नवल लिहून ठेवले. त्याच गावात राहून माझ्या हातून एक चूक घडली, ती आज सांगतो.

शाळेच्या पडवीत मांजरी व्याली. त्यांतले एक पिल्लू झिंगल्यासारखे चाले. दुधाच्या वाटीशी येताच मान थरथरे, पाय फाकत आणि ते तोंडावर पडे. मुले हसत. रोग पसरेल या भीतीने मी ते शिपायाकरवी तापीपलीकडे सोडविले. पडत-झडत चालणारे ते पिल्लू तेथे कसे जगणार, हा विचार मी केला नाही.

पुढे वाचनातून कळले की, पायांचा ताळमेळ लहान मेंदू राखतो. गाभण मांजरीला पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूरोग झाल्यास पिल्लाचा लहान मेंदू पुरता वाढत नाही. असे पिल्लू जन्मभर डुलते. पण ही व्याधी वाढत नाही, दुखत नाही आणि माणसास लागत नाही. घरातला आसरा व न कलंडणारे भांडे मिळाले, तर ते पुष्कळ वर्षे जगते.

मात्र धडधाकट मांजर एकाएकी लटपटू लागले, लाळ गाळू लागले किंवा चवताळले, तर त्यास हात लावू नये. रेबीज असू शकेल. चावल्यास वा ओरबाडल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यावी.

आणखी एक गोष्ट. जपानात मिनामाता येथे कोळ्यांची मांजरे वेडीवाकडी नाचत समुद्रात पडू लागली. १९५६ साली तोच विकार माणसांत नोंदला गेला. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून पोटात जात होता. १९५९ साली कारखान्याच्याच इस्पितळातील डॉक्टर होसोकावा यांनी मांजराला अन्नातून ते सांडपाणी दिले, तेही लटपटले. तो प्रयोग दडपला गेला आणि सांडपाणी १९६८ पर्यंत समुद्रात जातच राहिले. मांजरांची खूण वेळीच ओळखली असती, तर कित्येक घरे वाचली असती.

म्हणून विनंती एवढीच की, असे जनावर दिसल्यास दगड न मारता पशुवैद्याला कळवावे, आणि त्या उपचाराचा खर्च आपल्या संस्थेने धर्मादायात धरावा. त्या पिल्लाचे ऋण फेडण्यास माझी पहिली वर्गणी मी आजच देत आहे.