खोकडाच्या पोटातला जंत कुणाचा?



विषयाला हात घालण्याआधी एका नावाची गल्लत दूर करू. इसापाच्या गोष्टीत द्राक्षांना आंबट म्हणणारा प्राणी इंग्रजीत ‘फॉक्स’ आहे. मराठीत आला तेव्हा आपण त्याला कोल्हा केलं आणि शाळेच्या पुस्तकांतून तोच रुळला. आपल्याकडे रात्री उसाच्या फडात कुई करतो तो कोल्हा वेगळा. इंग्रजीत तो ‘जॅकल’. ‘फॉक्स’ म्हणजे आपलं खोकड. वजन जेमतेम दोन-तीन किलो, पाय बारीक, अंग राखाडी, शेपटी झुबकेदार आणि तिचं टोक काळं. धनगर, गुराखी यांना हा फरक पक्का ठाऊक असतो. तो विसरलो आहोत आपण, शिकलेली माणसं.

खोकडाला दाट जंगल लागत नाही. किनवटच्या सागात त्याला शोधायला जाऊ नका. त्याला हवा उघडा माळ: खुरटं गवत, मुरमाड जमीन, बीळ उकरता येईल असा उंचवटा. बालाघाटाच्या पठारावर, कंधार-मुखेडपासून अहमदपूर-जळकोटपर्यंत असे माळ आहेत. सरकारी दप्तरात ते गायरान किंवा पडीक असतात. लातूर तर राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. म्हणून इथे वन्यप्राण्यांचा अभ्यास म्हटलं की लोक विचारतात, ‘तुमच्याकडे वन आहे कुठे?’ वन नसेल, पण माळ आहे, आणि माळावर रात्री काय चाललं होतं याची नोंद सकाळी जमिनीवर पडलेली असते.

ही नोंद म्हणजे विष्ठा. हसू नका. जनावराला न पकडता, न दुखवता त्याच्या पोटात काय चाललंय हे कळण्याची सर्वांत सोपी वाट तीच आहे. बोरांच्या दिवसांत खोकडाची विष्ठा फोडली की बोराच्या आठळ्या निघतात, भुंग्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे निघतात, उंदराचे केस निघतात. हे झालं उघड्या डोळ्यांना दिसणारं. आता त्यातली चिमूटभर विष्ठा मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवा, गाळा, नळीत काठोकाठ भरा आणि वर काचेची पातळ चकती ठेवा. जंतांची अंडी त्या पाण्यापेक्षा हलकी, ती वर तरंगत येतात आणि चकतीला चिकटतात. वीसेक मिनिटांनी चकती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. अंकुशकृमीचं अंडं लांबट, पातळ कवचाचं, आत मोजक्या पेशी. गोलकृमीचं गोल, कवचावर खळगे पाडल्यासारखं. आणि कधी एक तपकिरी, जाड कवचाचं, चाकाला आरे असावेत तशा रेघांचं अंडं दिसतं. त्याच्या आत सहा बारीक आकड्या. ते फीतकृमीचं.

ते दिसलं की जपायचं. या अंड्यांतली काही माणसाच्या शरीरात गाठी करणाऱ्या फीतकृमीची असू शकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं बघून त्यांच्यात फरक करता येत नाही; त्यासाठी डीएनए तपासावा लागतो. अशी अंडी घरच्या फ्रिजच्या बर्फात मरत नाहीत, अल्कोहोलमध्येही मरत नाहीत. प्रयोगशाळेत नमुने उणे 80 अंशांवर काही दिवस ठेवून मगच हाताळतात. इथे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी बसले आहेत, त्यांना मुद्दाम सांगतो: हातमोज्याशिवाय कुठलीच विष्ठा उचलू नका.

या फीतकृमीचं नाव इकायनोकॉकस. कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांबी तीन ते सहा मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहून मोठा नाही. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर जातात, गवताबरोबर शेळी-मेंढीच्या पोटात जातात. तिथे अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून यकृतात, फुप्फुसात पोचते आणि पाण्याची गाठ धरते. गाठ हळूहळू, वर्षानुवर्षं वाढते. तिच्यात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यातला एकेक कण म्हणजे होऊ घातलेल्या जंताचं डोकं. ती गाठ कुत्र्याने खाल्ली की सहा-सात आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू.

आता आपल्या गावातली कंदुरी आठवा. शेतात किंवा दर्ग्यापाशी बोकड कापतात, गाव जेवतं, सगळा आनंद असतो. कापणाऱ्याच्या हाताला यकृतावर पांढरी फुगीर गाठ लागते. तो ते खराब म्हणून बाजूला काढतो आणि फेकतो. कुत्री टपलेलीच असतात. कापणाऱ्याचा यात दोष नाही. खराब ते माणसाच्या ताटात जाऊ नये एवढाच त्याचा विचार असतो. पण ती गाठ खाऊन माणसाला हा आजार होत नाही. तो होतो अंड्यांमुळे: कुत्र्याच्या केसांवरून हाताला, हातावरून तोंडात, न धुतलेल्या भाजीतून. म्हणजे ती गाठ कुत्र्यापुढे टाकणं हाच सगळ्यात मोठा धोका.

लांडगा आणि कोल्हा यांच्या आतड्यातही हा जंत वाढतो. मेंढीच्या मेंदूत गाठ धरणारा दुसरा एक फीतकृमीही कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्याच पोटातला. त्याने मेंढी कळप सोडून एकाच जागी गोल गोल फिरू लागते. धनगर वैतागतो आणि रानातल्या जनावराला शिव्या देतो. पण मोजून बघा: एका माळावर लांडगे किती आणि गावातली कुत्री किती? गिधाडं होती तेव्हा मेलेलं जनावर काही तासांत साफ व्हायचं. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं मारली, 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. आता ते मढं कुत्र्यांचं. खोकडाच्या विष्ठेत अंकुशकृमी दिसला, तर तो कुठून आला हे विचारताना आधी या कुत्र्यांकडे बघितलं पाहिजे. हा कृमी मातीतून पायाच्या कातडीतून आत शिरतो, कुत्रीच्या दुधातून पिल्लांत जातो. माळ दोघांचा एकच आहे.

सोलापूर जिल्ह्यात नान्नजला, माळढोक अभयारण्याच्या परिसरात, अबी तमिम वनक आणि अनिरुद्ध बेलसरे या संशोधकांनी खोकड आणि गावकुत्री यांचा एकत्र अभ्यास केला. कुत्र्यांत विषाणूंचा प्रादुर्भाव भरपूर होताच, खोकडांच्या रक्तातही त्याच विषाणूंच्या खुणा सापडल्या. ते विषाणू होते, जंत नव्हेत, पण वाट तीच. 2018 मध्ये गीरच्या दलखाणिया भागात तीनेक आठवड्यांत 23 सिंह मेले, तेव्हा कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि गोचिडीतून येणारा बबेसिया ही दोन्ही नावं पुढे आली. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात 1994 ला खरजेचा किडा पोचला आणि दोन वर्षांत तिथले 95 टक्क्यांहून अधिक ‘फॉक्स’, म्हणजे त्यांची खोकडं, संपली. एवढासा किडा!

आणि उपाय? 1863 मध्ये हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश पशुवैद्य आइसलँडला गेला. त्याने कुत्री फाडून तपासली, शंभरात 28 कुत्र्यांत हा जंत होता. पाण्याच्या गाठीने तिथली माणसं मरत होती. मग साध्या भाषेत एक पुस्तिका छापली आणि घरोघर वाटली: गाठी जाळा किंवा पुरा, कुत्र्याला देऊ नका. पुढे कायदे झाले, कुत्र्यांना औषध देणं सक्तीचं झालं. त्या देशातून हा आजार गेला. तेव्हा फीतकृमीवरचं आजचं औषध प्राझिक्वांटेल नव्हतं, सोनोग्राफी नव्हती. सुरुवातीला वाचणारी माणसं आणि खड्डा खणायला फावडं, एवढंच होतं.

आपल्याकडे उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, परभणीला आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. लाल कंधारी आणि देवणी या गुरांच्या जाती ज्या मातीत घडल्या, तिथल्या लोकांना जनावर कळत नाही असं कोण म्हणेल? हाळी-हंडरगुळीच्या बाजारात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, जिथे हजारो पशुपालक आपणहून येतात, तिथे चार पानांची अशी मराठी पुस्तिका वाटता येईल. आणि विद्यार्थ्यांनी वर्षभर एकाच माळावरच्या खोकडाच्या आणि त्याच गावच्या कुत्र्यांच्या विष्ठा शेजारी शेजारी ठेवून तपासाव्यात. त्याला मोठा निधी लागत नाही. मीठ, गाळणी, सूक्ष्मदर्शक आणि पहाटे उठायची तयारी लागते.

तुमच्या गावात पुढची कंदुरी होईल तेव्हा एवढं करा. बोकड कापायच्या आधी कमरेएवढा खड्डा खणून ठेवा. गाठ आलेलं काळीज, फुप्फुस त्यात टाका, माती लोटा, वर दगड ठेवा.