मजुरीत फरक का पडतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. कामगारांच्या मजुरीत फरक का पडतो आणि उत्पादकतेचा कमाईशी काय संबंध आहे, असा तो विषय. परंतु हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गापुरता नाही, तो आपल्या प्रत्येकाच्या चुलीपर्यंत पोहोचलेला आहे. एकाच चाळीत शेजारी-शेजारी राहणारे दोघे सकाळी सातला डबा घेऊन निघतात. दोघेही आठ तास घाम गाळतात. महिनाअखेर एकाच्या हातात दुसऱ्याच्या दुप्पट पैसे पडतात. असे का होते?

या प्रश्नाला सर्वसाधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर नशिबाचे. ते आपण येथेच सोडून देऊ. दुसरे उत्तर असे की, जो जास्त उत्पादन काढतो त्याला जास्त मिळते. हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर काय, हे मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम उत्पादकता म्हणजे काय ते पाहू. ठराविक वेळात एका कामगाराच्या हातून जेवढे काम उतरते, ती त्याची उत्पादकता. आता एकाच शिंप्याच्या हाती सुई द्या आणि दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र द्या. माणूस तोच, कसब तेच, मेहनत उलट कमी, पण दुसऱ्या दिवशी कितीतरी अधिक कपडे शिवून होतील. म्हणजे उत्पादकता केवळ कामगाराच्या अंगात नसते. ती अवजारात असते, कच्च्या मालात असते, कामाच्या व्यवस्थेत असते. गिरणीत हलका कापूस आला की सूत वारंवार तुटते, साचा थांबतो आणि विणकराचे माप कमी भरते. दोष कापसाचा, पण पगार कमी होतो तो विणकराचा.

आपल्या राज्याच्या रोजगार हमी योजनेत हे तत्त्व कागदावर मान्य झाले होते. १९७२ च्या दुष्काळातून पुढे आलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या या योजनेत मजुरी खोदाईच्या मोजमापावर मिळे. पण काळी माती, मुरूम आणि खडक यांचे दर वेगवेगळे ठेवलेले असत. माती लांब किंवा उंच नेऊन टाकायची तर दर वाढवून मिळे. कारण उघड आहे. खडकावर पहार मारणारा दिवसभरात थोडे घनफूट काढतो, म्हणून तो आळशी ठरत नाही. शिवाय तेथे स्त्री आणि पुरुष यांच्या कामाचा दर एकच होता. माप न्यायाने धरले तर उत्पादकता ही कामगाराची मित्र होऊ शकते, हे यावरून दिसते.

आता मी आपल्याला मुंबईच्या कापड गिरणीत घेऊन जातो. रिंग खात्यात काम केलेल्यांची मुले-नातवंडे या सभागृहात पुष्कळ असतील. गिरणीत एकाच छपराखाली अनेक खाती असत. सूतकताईच्या रिंग खात्यातल्या कामगाराची कमाई कमी, आणि विणखात्यात साचे चालविणाऱ्या विणकराची कमाई पुष्कळ अधिक. विणकराला कापडाच्या मापावर पैसे मिळत, कसब वाढले की मिळकत वाढे. अर्थशास्त्राचे पुस्तक येथे म्हणेल की, विणकर अधिक कुशल म्हणून त्याला अधिक पगार. बरोबर आहे. पण मग रिंग खात्यातल्या माणसाने ते कसब शिकावे आणि विणखात्यात जावे!

तेथेच तर खरी मेख होती. अस्पृश्य मानलेल्या समाजाला विणखात्याचे दार बंद होते. कारण असे सांगितले जाई की, धोट्यात नवी कांडी भरल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही. कसब तर साच्यापाशी उभे राहूनच शिकायचे असते. बाप, चुलता किंवा गाववाला शेजारी उभा करून हात धरून शिकवतो. दारच बंद असल्यावर शिकणार कोठे? आणि शिकला नाही म्हणून तो अकुशल, अकुशल म्हणून त्याला कमी पगार! आधी दार लावायचे आणि मग आतले काम येत नाही म्हणून बाहेरच्याला कमी मोजायचे, असा हा हिशेब होता.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, सार्वत्रिक संप झाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विणखात्यातील या बंदीचा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. ही मागणी इतर मागण्यांच्या बरोबरीने यावी म्हणून त्यांना आग्रह धरावा लागला. हा इतिहास कोणाला दूषणे देण्यासाठी मी सांगत नाही. मालकाशी लढणाऱ्या कामगारांमध्येही मजुरीची एक भिंत उभी होती आणि ती मालकाने बांधलेली नव्हती, एवढे आपण ध्यानात घ्यावे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्ष होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी याची मीमांसा केली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जातीमुळे कामे वाटली जातात एवढेच होत नाही, तर काम करणारी माणसेच वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडली जातात. कोंडलेल्या माणसाला जेथे पगार चांगला तेथे जाता येत नाही.

त्याच १९२८ च्या संपातला दुसरा प्रश्न थेट उत्पादकतेचा होता. एका विणकराकडे दोन साचे असत. मालकांना ते वाढवायचे होते. आपण एक साधे गणित करू. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, एका साच्यावर दिवसाला २५ वार कापड निघते आणि वारामागे मजुरी १ रुपया आहे. दोन साचे चालविणाऱ्याचे कापड ५० वार, मजुरी ५० रुपये. आता त्याच्याकडे चार साचे दिले. कापड झाले १०० वार. पण मालक म्हणाला, आता दर ७० पैसे. विणकराला मिळाले ७० रुपये. त्याची कमाई २० रुपयांनी वाढली. परंतु हेच १०० वार कापड पूर्वी दोघे विणकर काढीत आणि मालक १०० रुपये मजुरी देई. आता तो ७० देतो. त्याचे ३० वाचले. आणि दुसरा विणकर घरी बसला.

उत्पादकता दुप्पट झाली, मजुरी दीडपटही झाली नाही आणि एक चूल विझली. म्हणजे उत्पादकता वाढली की किती पैसे वाटण्यासाठी निर्माण झाले ते कळते. ते कोणाच्या पदरात किती पडतील, हे मात्र उत्पादकता ठरवीत नाही. ते वाटाघाटीच्या ताकदीवर, कायद्यावर आणि दाराबाहेर किती बेकार उभे आहेत यावर ठरते.

याचा पडताळा पुढे आलाच. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे आधीपासून सरकत होते, संपानंतर ते वेगाने सरकले. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने साचेसुद्धा यंत्रमागवाल्यांनी विकत घेऊन चालविले. साचा तोच, कापड तेच, कसबही तेच. पण बारा-बारा तासांच्या पाळ्या, भविष्यनिर्वाह निधीचा पत्ता नाही आणि पगार गिरणीपेक्षा कमी. येथे कोणाची उत्पादकता घटली होती? घटली होती ती संघटना. आणि साचा बंद पडला तेव्हा गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांची आणि न्हाव्याचीही मिळकत बसली. न्हाव्याची कात्री पूर्वीइतकीच चालत होती, गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा झाला होता. आपली कमाई शेजाऱ्याच्या कमाईवरही उभी असते ती अशी.

आता एक पाऊल पुढे जाऊ. अर्थशास्त्राचा आद्य पंडित अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात मजुरीतील फरकाची पाच कारणे सांगितली. काम सुखाचे की त्रासाचे, शिकायला सोपे की खर्चाचे, बारमाही की अधूनमधून, त्यात विश्वासाची जबाबदारी किती आणि यशाची शक्यता किती. त्याचा एक निष्कर्ष असा की, काम जितके घाण आणि नकोसे, तितकी मजुरी जास्त असावी. एरवी ते काम करायला कोण येईल? मग आपल्या देशात गटारात उतरणाऱ्याला सर्वांत जास्त पगार असायला हवा होता! झाले नेमके उलटे. याचे कारण स्मिथच्या विवेचनातच आहे. माणसाला धंदा निवडण्याची मोकळीक असेल तरच हे नियम चालतात, असे त्याने गृहीत धरले होते. जेथे जन्मानेच काम नेमून दिलेले, तेथे नकोशा कामासाठी मजुरी वाढवावी लागत नाही, कारण नाही म्हणण्याची सोयच नसते. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी माणसे गटारात गुदमरून मरत राहिली. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख ठरविली आणि २०२३ साली ३० लाख केली. मेल्यानंतर किंमत वाढली, जिवंतपणी किती वाढली हे आपण आपल्या वस्तीत विचारून पाहावे.

तीच गोष्ट कंत्राटी कामाची. कचऱ्याच्या एकाच गाडीमागे दोघे धावतात, एक कायम आणि एक कंत्राटी. पाटी तीच, वजन तेच, पगारात मोठे अंतर. मुंबई महानगरपालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या कायम होण्यावर शिक्कामोर्तब झाले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मजुरी टनावर, उचल नवऱ्याच्या नावावर. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणाऱ्या बाईच्या श्रमाची वेगळी नोंदच नाही. ज्या श्रमाची नोंद नाही त्याची उत्पादकता कोण मोजणार?

बंधुभगिनींनो, म्हणूनच मजुरी केवळ बाजारावर सोडता येत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली आणि किमान वेतनाचे विधेयकही मांडले गेले. त्याचा १९४८ साली कायदा झाला. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब कसा करावा ते सांगितले. कमावत्यामागे तीन माणसांचे पूर्ण अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण-दिवाबत्ती वगैरेंसाठी किमान वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने यात मुलांचे शिक्षण आणि औषधोपचार यांचीही भर घातली. आणि १९८२ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही वेठबिगारच होय. १९४८ चा हा कायदा आणि १९७६ चा समान वेतन कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावले आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचे नाव बदलले, पण हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही हा नियम बदललेला नाही.

मग आपण काय करावे? तरुणांना मी सांगेन, उत्पादकतेला नावे ठेवू नका. कसब मिळवा. आय.टी.आय.ला जा, नवे यंत्र शिका, जेथे साच्यापाशी उभे राहायला मिळते तेथे उभे राहा. आपल्या आजोबांना जे दार बंद होते ते उघडायला फार किंमत मोजावी लागली आहे. पण कसब आले म्हणजे सारे झाले असेही समजू नका. पगाराची चिठ्ठी मागा, हजेरीची आणि मापाची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक विचारा आणि शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी, तो कोणत्याही जातीचा असो, जुळवून घेऊन संघटनेत राहा. मंडळाला माझी विनंती आहे की, वस्तीतल्या कंत्राटी कामगारांसाठी महिन्यातून एक दिवस पगाराच्या चिठ्ठ्या वाचून दाखविण्याचा उपक्रम सुरू करावा. यासाठी पैसा फार लागत नाही, दोन शिकलेली मुले आणि एक टेबल पुरते.

शेवटी एवढेच सांगतो. कमी पगार मिळतो म्हणून आपले काम हलके आणि आपण हलके, असे कोणी मनात आणू नये. पगाराचा आकडा माणसाची लायकी सांगत नाही. त्याच्या हाती कोणते अवजार दिले, त्याला कोणत्या दारातून आत येऊ दिले आणि माप कोणी धरले, हे तो सांगतो. अवजार मिळवता येते, दार उघडता येते आणि मापावर नजर ठेवता येते. ते काम आपले आहे.